बालस्तोत्रांतील सृष्टी आणि तिचा स्वामी

मुलांसाठी रचलेल्या धर्मगीतांकडे वाङ्मयसमीक्षेने फारशा गांभीर्याने पाहिलेले नाही. ही उपेक्षा समजण्यासारखी आहे. या गीतांचा हेतू उघडउघड बोधाचा असतो. त्यांचा वाचक त्यांची निवड स्वतः करीत नाही; ती त्याच्याकडून पाठ करून घेतली जातात. त्यांची भाषाही इतकी सोपी ठेवलेली असते की तिच्यात उलगडून दाखविण्यासारखे काही उरले असेल, असे वाटत नाही. परंतु नेमक्या याच कारणांनी ती विचारात घेण्याजोगी ठरतात. एखादा धर्मसिद्धान्त तर्काने पटण्यापूर्वी कित्येक वर्षे लय, ध्रुवपद आणि प्रतिमा यांच्या रूपाने मनात रुजलेला असतो. पुढे त्या सिद्धान्तावरची श्रद्धा मावळली तरी ध्रुवपद ओठांवर राहते. त्या ध्रुवपदाच्या आश्रयाने आणखी काय काय मनात शिरले, हा प्रश्न धर्मशास्त्राइतकाच वाङ्मयाचाही आहे.

ख्रिस्ती बालस्तोत्रांचा एक आवडता विषय म्हणजे ईश्वराचे सृष्टीवरील स्वामित्व. सिद्धान्त म्हणून त्याचा उच्चार एका वाक्यात करता येतो: जे जे आहे ते ईश्वराने निर्मिले, आणि म्हणून ते त्याच्या सत्तेखाली आहे. काव्याला मात्र हे वाक्य जसेच्या तसे उपयोगी पडत नाही. 'जे जे आहे ते' या शब्दांनी मुलाच्या डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. कवीला त्या 'सर्वा'तून दहापाच वस्तू निवडाव्या लागतात, त्या ओळीने मांडाव्या लागतात, आणि या दहापाचांनी सर्वांचे प्रतिनिधित्व केले असे मानावे लागते. सृष्टिस्तोत्राचा घाट म्हणजे मूलतः नामावळीचा घाट होय.

या घाटाचे मूळ बायबलात आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात प्रकाश, आकाश, वनस्पती, जलचर, पशू आणि मानव अशी क्रमवार मांडणी आहे. स्तोत्रसंहितेतील १४८व्या स्तोत्रात सूर्यचंद्रांपासून गारा व हिमापर्यंत, आणि राजांपासून मुलाबाळांपर्यंत, सर्वांना स्तुतीसाठी पाचारण केलेले आहे. १०४व्या स्तोत्रात तर भक्ष्यासाठी गर्जना करणारे सिंहाचे छावेही ईश्वराकडेच अन्न मागतात. ईयोबाच्या पुस्तकाच्या अखेरीस ईश्वर जी नामावळी उच्चारतो तिच्यात रानगाढव आहे, आपली अंडी उघड्यावर टाकणारी शहामृगी आहे, आणि माणसाला कधीच वश न होणारा लिव्याथान आहे. या प्राचीन नामावळ्यांत सृष्टी सुंदर आहे तशीच ती भयंकरही आहे, आणि माणसाच्या सोयीसाठी ती घडविलेली आहे असा भास त्यांतून होत नाही.

नामावळीचा एक गुण विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. ती युक्तिवाद करीत नाही. तिच्यात ज्याचे नाव येते त्याच्यावर निर्मितीचा शिक्का आपोआप बसतो. जे वगळले जाते त्याची कोणी चौकशी करीत नाही. प्रौढ वाचक थांबून विचारू शकतो की अमुक वस्तू या ओळीत का आली. गाणारे मूल थांबत नाही, कारण चाल थांबत नाही. म्हणून मुलांच्या सृष्टिस्तोत्राची खरी परीक्षा दोन ठिकाणी होते: त्याच्या नामावळीत कोणाला जागा मिळाली, आणि त्या वस्तूंशी ईश्वराचा संबंध सांगणारे क्रियापद कोणते निवडले गेले.

इंग्रजी बालस्तोत्रांच्या परंपरेचा आरंभ बहुधा आयझॅक वॉट्स (१६७४–१७४८) याच्यापासून धरला जातो. वॉट्स हा प्रस्थापित चर्चच्या बाहेरच्या पंथाचा धर्मोपदेशक. त्याचा मुलांसाठीचा गीतसंग्रह १७१५ साली निघाला, आणि ज्या ॲबनी कुटुंबाच्या आश्रयाला त्याने आयुष्याची अनेक वर्षे काढली त्या घरातील मुलींना तो त्याने अर्पण केला. जे पद्यात शिकले जाते ते स्मरणात अधिक काळ टिकते, अशी त्याची भूमिका होती. या संग्रहातील दुसरे गीत सृष्टी आणि दैवी योगक्षेम यांच्या स्तुतीचे आहे. त्यात प्रथम ईश्वराचे सामर्थ्य येते, ज्याने पर्वत उभारले व समुद्र पसरले. मग त्याची प्रज्ञा, जिने सूर्याला दिवसाचा अधिकार दिला. आणि मग त्याचा चांगुलपणा, ज्याने पृथ्वी अन्नाने भरली. पुढे ढग उठतात, वादळे सुटतात, तीही सिंहासनावरून सुटलेल्या हुकमाने. चंद्र आज्ञेने प्रकाशतो, तारे आज्ञा पाळतात.

या गीताची शब्दसंपत्ती दरबाराची आहे. हुकूम, आज्ञापालन, सिंहासन, अधिकार या शब्दांनी सृष्टीचे एक राज्य उभे राहते, आणि त्यात गाणारे मूल हा एक प्रजाजन ठरतो. गीत 'मी' या सर्वनामाने सुरू होते आणि त्या 'मी'वरच येऊन संपते. जिथे पळून जावे असे ठिकाण नाही, जिथे ईश्वराची नजर नाही असा कोपरा नाही. ही जाणीव आश्वासनाची आहे तशी धाकाचीही आहे. वॉट्सच्या मूळ रचनेत नरकाचाही उल्लेख येतो. आधुनिक मनाला हे कठोर वाटेल. पण वॉट्सच्या सृष्टीत वादळाला जागा आहे, ही गोष्ट त्याच्या पदरी टाकली पाहिजे. मुलाला भिवविणारी वस्तू त्याने लपविलेली नाही. तिला ईश्वराच्या हुकमतीखाली आणून तिचे भय कमी केले आहे.

याच संग्रहातील चौथ्या गीतात एक मूल बाहेर फिरायला निघते आणि त्याला वाटेवर कितीतरी गरीब दिसतात. कुणाच्या अंगावर धड वस्त्र नाही, कुणाला घर नाही. मूल ईश्वराचे आभार मानते, कारण त्याला हे सारे मिळालेले आहे. या कृतज्ञतेत एक संकोचविणारे समाधान आहे, यात शंका नाही. तथापि वॉट्स त्या मुलाच्या तोंडून एक कबुलीही वदवतो: आपली योग्यता इतरांहून अधिक नाही, तरी आपल्याला अधिक मिळाले. दारिद्र्याची व्यवस्था ईश्वराने लावली असे हे गीत म्हणत नाही. आपल्या वाट्याला आलेले दान अनर्जित आहे, इतकेच ते म्हणते. वॉट्सच्या गीतातील विषमता हे एक न उलगडलेले कोडे राहते, आणि कोडे राहिले म्हणूनच त्यातून पुढे प्रश्न निघू शकतो.

वॉट्सच्या गीतांना साहित्यातून जी उत्तरे मिळाली त्यांवरूनही त्यांच्या नामावळीची मर्यादा कळते. विल्यम ब्लेकने १७८९ सालच्या आपल्या निष्पापतेच्या गीतांत एका मुलाला कोकराशी बोलायला लावले. तुला कोणी घडविले, असे मूल विचारते आणि स्वतःच उत्तर देते. प्रश्नोत्तरीचा हा धडा पूर्ण होतो न होतो तोच, १७९४ साली आलेल्या अनुभवाच्या गीतांत, ब्लेकने वाघापुढे तोच प्रश्न मांडला आणि उत्तराची जागा मोकळी सोडली. पुढे लुइस कॅरॉलने १८६५ सालच्या 'ॲलिस'मध्ये वॉट्सच्या उद्योगी मधमाशीच्या जागी नाईल नदीतली मगर आणून बसविली. ती प्रसन्न हसते आणि माशांचे जबड्यात स्वागत करते. हे विडंबन मुलांना आवडले, यात नवल नाही. प्राणी एकमेकांना खातात हे प्रत्येक मुलाला ठाऊक असते. पाठ करून घेतलेल्या गीतातून जे गाळले गेले ते कुठेतरी उच्चारले गेल्याचा आनंद त्या हास्यात आहे.

वॉट्सनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी, १८४८ साली, 'हिम्स फॉर लिटल चिल्ड्रेन' हा संग्रह प्रसिद्ध झाला. त्याची कर्त्री सेसिल फ्रान्सिस हम्फ्रीज. विवाहानंतरच्या अलेक्झांडर या नावाने ती पुढे ओळखली गेली. तिचा जन्म डब्लिनचा, १८१८ सालचा. वडील मोठ्या जमीनदारांच्या इस्टेटींचे कारभारी. संग्रहाला जॉन केबल या धर्मकवीची प्रस्तावना आहे. मुलांना प्रश्नोत्तरीतले आणि प्रेषितांच्या विश्वासांगीकारातले शब्द रूक्ष वाटतात. तेव्हा त्यातल्या एकेका वचनावर एकेक गीत रचावे, ही त्यामागची कल्पना. आकाश व पृथ्वी यांच्या उत्पन्नकर्त्यावरील वचनासाठी जे गीत तिने लिहिले ते 'ऑल थिंग्ज ब्राइट अँड ब्यूटिफुल'. इंग्रजी बोलणाऱ्या जगात बालस्तोत्र म्हटले की आजही जी थोडी गीते आठवतात, त्यांत याची गणना होते.

वॉट्सकडून या गीताकडे येताना दरबारातून बागेत आल्यासारखे वाटते. सिंहासन गेले, वादळ गेले, नरक गेला. लहान फूल, लहान पक्षी, जांभळ्या माथ्याचा डोंगर, वाहती नदी, संध्याकाळ आणि पहाट, हिवाळ्यातला गार वारा, उन्हाळ्यातले सुखद ऊन, बागेतली पिकलेली फळे, उंच झाडे, खेळायचे कुरण, पाण्याकाठचे रोज गोळा करायचे गवत: अशी ही नामावळी आहे. क्रियापद एकच, 'घडविले'. फुलांचे रंग त्याने घडविले, पाखरांचे इवले पंख त्याने घडविले. ईश्वर येथे राजा राहिलेला नाही. तो कसबी कारागीर झाला आहे. मुलाच्या अनुभवाच्या आवाक्यातल्या वस्तू निवडण्यात कवयित्रीने दाखविलेले भान कौतुकास्पद आहे. विशेषतः खेळायच्या कुरणाचा आणि पाण्याकाठच्या गवताचा उल्लेख होताच गीतात प्रथमच 'आम्ही' येतो. इतका वेळ अलिप्तपणे मोजल्या जाणाऱ्या सृष्टीत मुलांचे हात शिरतात.

शेवटचे कडवे तर फार सुंदर आहे. ईश्वराने हे सारे पाहण्यासाठी डोळे दिले आणि त्याची थोरवी सांगण्यासाठी ओठ दिले, असे ते म्हणते. याचा अर्थ असा की नामावळीतली शेवटची निर्मिती म्हणजे ती नामावळी गाणारे मूलच होय. गीत जे सांगत होते तेच ते या क्षणी करून दाखवीत आहे. सिद्धान्त आणि त्याचा उच्चार यांचे असे ऐक्य मोठ्या कवितेतही विरळा आढळते.

मात्र ध्रुवपदाने आरंभीच जी अट घातली आहे ती विसरता येत नाही. जे तेजस्वी आणि सुंदर, लहान किंवा मोठे, शहाणे आणि अद्भुत, तेवढ्याचाच उल्लेख तीत आहे. छावा नाही, शहामृगी नाही, लिव्याथान नाही. गार वारा आहे, पण तो सुखद उन्हाच्या शेजारी बसविलेला. इंग्लंडमधील मॉन्टी पायथन या विनोदी मंडळीने १९८० साली याच गीताच्या धर्तीवर कुरूप आणि विषारी जिवांची नामावळी रचून म्हटली. कॅरॉलच्या मगरीचेच हे दुसरे रूप. सुंदर ते ईश्वराचे असे म्हटले की असुंदर कोणाचे, हा प्रश्न मागल्या दाराने येतोच.

परंतु या गीताचे खरे मर्म एका निराळ्याच कडव्यात आहे. मूळ पाठात पाखरांच्या कडव्यानंतर आणि डोंगराच्या कडव्याआधी दोन माणसे येतात: एक श्रीमंत, आपल्या गढीत बसलेला, दुसरा गरीब, तिच्या दारापाशी. त्यांना उच्च वा नीच ईश्वराने घडविले आणि त्यांच्या स्थितीची व्यवस्था त्यानेच लावली, असा या कडव्याचा आशय आहे. ही माणसे आली कुठे, हे प्रथम पाहिले पाहिजे. ती पाखरू आणि डोंगर यांच्या मध्ये आली आहेत. पंखाचा रंग जितका नैसर्गिक, डोंगराचा माथा जितका अचल, तितकीच गढी आणि तिचे दार, असे ही जागाच सांगते. कडव्याचा अर्थ त्याच्या शब्दांत निम्मा आहे आणि उरलेला निम्मा त्याच्या शेजाऱ्यांत.

या कडव्याच्या बाजूने एक युक्तिवाद करता येतो, आणि तो टाकाऊ नाही. 'घडविले' या क्रियापदानंतर किंचित थांबले तर वाक्याचा रोख बदलतो. मग अर्थ असा होतो की माणसे उच्च असोत वा नीच, त्यांना घडविणारा एकच आहे. न थांबता वाचले तर मात्र उच्चनीचपणच घडविले गेले असा अर्थ निघतो. एका स्वल्पविरामाच्या अंतरावर समता आणि विषमता अशी दोन्ही येथे उभी आहेत. तथापि लगेच पुढे येणारे दुसरे क्रियापद ही संदिग्धता टिकू देत नाही. स्थितीची 'व्यवस्था लावली' म्हटल्यावर थांबण्याला काही अर्थ उरत नाही. आणि येथेच वॉट्सशी तुलना उद्बोधक ठरते. वॉट्सच्या गीतात सिंहासनावरून हुकूम सुटत होता तो वादळांना. अलेक्झांडरने निसर्गातून हुकूम काढून टाकला आणि तेथे कारागिरी आणली. तो हुकूम नाहीसा झाला नाही, तो समाजात जाऊन बसला. वादळाला जो लागू होता तो आता दारावरच्या माणसाला लागू झाला.

१८४८ हे साल आयर्लंडच्या महादुष्काळाच्या मध्यावरचे आहे. १८४५ साली बटाट्याच्या पिकावर रोग पडला. पुढच्या सातएक वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भूक आणि रोग यांनी मेली, आणि त्याहूनही अधिक देश सोडून गेली. दाराशी उभा असलेला गरीब ही त्या वर्षी त्या देशात केवळ प्रतिमा नव्हती. कवयित्री निष्ठुर होती असा निष्कर्ष यातून काढणे अन्यायाचे होईल. तिच्या परोपकाराची साक्ष मिळते. या संग्रहाचे उत्पन्न स्ट्रबेन येथील बधिर मुलांच्या संस्थेच्या कामी आले. प्रश्न व्यक्तीच्या दयाबुद्धीचा नाही. दयाळू हाताने लिहिलेल्या नामावळीतही समाजव्यवस्था निसर्ग म्हणून बसू शकते, हे अधिक विचार करायला लावणारे आहे.

शिवाय दारातला गरीब ही प्रतिमा बायबलातूनच आलेली आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात श्रीमंताच्या दाराशी फोडांनी भरलेला लाजर पडलेला असतो. तेथे श्रीमंताने त्याच्याकरिता काही केले नाही, आणि मृत्यूनंतर दोघांच्या स्थितीची उलटापालट होते. बालस्तोत्राने ते दार, तो श्रीमंत आणि तो गरीब घेतला, पण निवाडा मात्र उलटा फिरविला. जेथे दृष्टान्त दाराकडे बोट दाखवून विचारतो, तेथे गीत दार पाहून पुढे डोंगराकडे जाते. याच गीताच्या अखेरीस डोळे पाहण्यासाठी दिले आहेत असे म्हटले आहे. मधले कडवे त्या डोळ्यांना एवढेच शिकविते की दारातला माणूस पाहावा तो डोंगर पाहावा तसा. म्हणून हे कडवे केवळ समाजनीतीच्या दृष्टीने सदोष ठरत नाही. ते गीताच्या स्वतःच्या तर्काशी विसंगत आहे. पर्सी डिअर्मरने संपादित केलेल्या १९०६ सालच्या 'इंग्लिश हिम्नल'मध्ये ते गाळले गेले, आणि पुढे बहुतेक गीतसंग्रहांनी त्याचेच अनुकरण केले. मूळ पाठाशी केलेली ही प्रतारणा आहे असे कोणाला वाटेल. पण गाळलेले गीत मूळ गीताहून अधिक एकसंध आहे.

भारतीय वाचकाला ही सारी रचना परकी वाटू नये. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील पुरुषसूक्तात पुरुषाच्या अवयवांपासून चार वर्ण निघतात, आणि लगेच पुढच्या ऋचेत त्याच्या मनापासून चंद्र, डोळ्यापासून सूर्य आणि प्राणापासून वायू निघतो. तेथील सृष्टिकल्पना निराळी. तेथे घडविणाऱ्याने बाहेरून घडविलेले नाही, तर यज्ञात अर्पण केलेल्या पुरुषापासूनच विश्व झाले आहे. तरीही नामावळीचे कार्य तेच आहे. समाजातली उतरंड सूर्यचंद्रांच्या शेजारी बसली की सूर्यचंद्रांचे तेज तिला मिळते.

या ठिकाणी एक योगायोग ध्यानात येतो. अलेक्झांडरचे गीत छापले गेले त्याच १८४८ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली. फुल्यांचे शिक्षण स्कॉटिश मिशनच्या शाळेत झालेले. सृष्टीच्या कर्त्याची कल्पना त्यांना अपरिचित नव्हती; त्यांनी त्याला नाव दिले 'निर्मिक'. १८७३ सालच्या 'गुलामगिरी'त त्यांनी ब्रह्मदेवाच्या अवयवांपासून झालेल्या उत्पत्तीची चिकित्सा केली, आणि त्यांच्या निधनानंतर १८९१ साली निघालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त प्रश्नोत्तरांच्याच रूपाने निर्मिकाचा धर्म मांडला. त्यांची प्रतिज्ञा आणि अलेक्झांडरची प्रतिज्ञा अक्षरशः एक आहे: सर्व काही एका निर्मात्याने घडविले. निष्कर्ष मात्र विरुद्ध आहेत. फुल्यांच्या मते निर्मिकाने स्त्रीपुरुषांना स्वतंत्र घडविले. उच्चनीचपणा माणसांनी, आपल्या स्वार्थासाठी, मागाहून रचला. निर्मिकाच्या नामावळीतून त्यांनी जात आणि सत्ता यांची नावे खोडून टाकली, आणि त्याबरोबर त्या सिद्धान्ताची धार परत आली. ही बालगीते नव्हेत, हे खरे. परंतु ईश्वराच्या स्वामित्वातून मुकाट्याने सोसण्याची शिकवण निघालीच पाहिजे असे नाही, हे त्यांवरून स्पष्ट होते. ती निघते की नाही हे नामावळीवर अवलंबून असते.

नामावळी आणि क्रियापद ही दोन्ही निराळी असलेले एक बालप्रिय गीत अमेरिकेतून आलेले आहे. 'ही'ज गॉट द होल वर्ल्ड इन हिज हँड्स' हे आफ्रिकन-अमेरिकन भक्तिगीत १९२७ साली एका गीतसंग्रहात छापले गेले. १९६३ सालच्या वॉशिंग्टनच्या मोर्चात ते मॅरियन अँडरसन यांनी गायिले. रविवारच्या शाळांतून मुले ते हातवारे करीत गातात. येथे ईश्वराने काय 'घडविले' याचा उल्लेखच नाही. त्याने जग हातात 'धरले आहे', एवढेच विधान पुन्हा पुन्हा येते. घडविणे ही पूर्वी होऊन गेलेली क्रिया. धरणे ही चालू असलेली. शिवाय ही नामावळी उघडी आहे. वारा आणि पाऊस, तान्हे बाळ, भाऊ आणि बहीण, 'तू' आणि 'मी' असे पाठ गायकागणिक बदलतात, आणि कुठे कुठे जुगारी माणसालाही त्या हातात जागा मिळते. वर्णनाला विशेषणे जवळजवळ नाहीत. तेजस्वी असण्याची अट नाही. एका हातात असणाऱ्यांत वरचा कोण आणि खालचा कोण हे ठरविता येत नाही. ज्यांच्या पूर्वजांच्या देहांवर दुसऱ्या माणसांनी मालकी सांगितली होती त्यांच्या गळ्यातून हे गीत आले, हे आठवले म्हणजे स्वामित्वाच्या सिद्धान्ताला येथे कोणता अर्थ प्राप्त झाला ते कळते. सारे एकाच्या हातात आहे याचा अर्थ, दुसऱ्या कोणाचाही त्यावर हक्क नाही.

मराठीत ही परंपरा नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या हाती आली तेव्हा तिच्यात आणखी एक फरक पडला. टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, आणि पाश्चात्य चालींवर बेतलेल्या भाषांतरित गीतांच्या जोडीला मराठी चर्चला अभंग आणि भजन दिले. मराठी भक्तिकाव्यात सृष्टीकडे पाहण्याची वाट वेगळी होती. सावता माळ्याला आपल्या मळ्यातच विठ्ठल भेटतो. तुकारामांना रानातली झाडे नात्यातली वाटतात. तेथे वस्तू ईश्वराच्या मालकीची असण्यापेक्षा ईश्वराने भरलेली असते, आणि ईश्वर स्वामी असण्याआधी माउली असतो. या भाषेत स्वामित्वाचा सिद्धान्त सांगायचा म्हणजे त्याला आप्तपणाचा स्वर देणे कवीला भागच होते.

तो स्वर कसा लागला हे पाहण्यासाठी टिळकांच्या उपासनागीतांकडे जाण्याची गरज नाही. 'केवढे हे क्रौर्य!' ही शाळेत पाठ झालेली कविता पुरेशी आहे. फुलांमुलांचे कवी म्हणून ज्यांची ख्याती, त्यांच्या या कवितेतील पाखरू अलेक्झांडरच्या पाखराचेच भावंड आहे. तेही सकाळी गाऊन लोकांना रमविते. पण पिलांसाठी घास घेऊन ते क्षणभर झाडावर टेकते आणि त्याच्या उरात बाण शिरतो. पडत, उठत, कसेबसे ते घरट्यापाशी पोचते, पिलांना अखेरचा घास भरविते, आणि यापुढे त्यांचे जतन प्रभू पिता करील असा विश्वास बोलून दाखविते. पृथ्वी वृत्ताची आवेगी चाल येथे धापा टाकणाऱ्या पाखराच्या श्वासासारखी ऐकू येते.

सृष्टीवरील ईश्वराची सत्ता या कवितेत आहे, पण तिचे स्थान फार जपून निवडलेले आहे. पाखराच्या मरणाची व्यवस्था ईश्वराने लावली असे कवी म्हणत नाही. त्या मरणाला त्याने क्रौर्य म्हटले आहे आणि त्याचा दोष माणसाच्या पदरी घातला आहे. ईश्वराचे नाव येते ते घडून गेलेल्या गोष्टीचे समर्थन म्हणून येत नाही, तर उरलेल्या पिलांसाठी. ते उच्चारणारी आहे ती मरणारी आई. कवीने स्वतः ते आश्वासन दिले असते तर ते स्वस्त झाले असते. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात, पित्याला सोडून एक चिमणीही भूमीवर पडत नाही, अशा अर्थाचे वचन आहे. चिमणी पडत नाही असे ते म्हणत नाही. टिळकांची कविता त्या वचनाच्या अगदी निकट उभी आहे.

वॉट्सच्या गीतात हुकूम आहे, अलेक्झांडरच्या गीतात घडविणे, आफ्रिकन-अमेरिकन गीतात धरणे आणि टिळकांच्या कवितेत जतन करणे. सिद्धान्ताच्या पातळीवर ही चारही क्रियापदे एकाच सत्तेची नावे आहेत. धर्मशास्त्र त्यांत विरोध मानणार नाही. काव्याच्या पातळीवर मात्र त्यांनी मुलाच्या मनात चार निरनिराळी जगे उभी केली, कारण प्रत्येक क्रियापदाने दारातल्या माणसाकडे, वादळाकडे आणि मरणाऱ्या पाखराकडे पाहण्याची निराळी रीत शिकविली. बालस्तोत्राचे मोल ठरविताना त्याची श्रद्धा किती शुद्ध आहे हे पाहण्याचा अधिकार धर्मपीठांचा असेल. समीक्षेने पाहायचे ते एवढेच, की या गीताने मुलाला दिलेले डोळे उघडे ठेवले की मिटले. अलेक्झांडरचे शेवटचे कडवे हीच कसोटी सांगते, आणि तिच्याच एका कडव्याला त्या कसोटीवर उतरता आले नाही. गीत जिवंत राहिले, कडवे गळून पडले; गाणाऱ्यांनी केलेला हा निवाडा वाङ्मयाच्या दृष्टीनेही योग्यच म्हणावा लागेल.